खो की धक्का

सोलापूर,
ता. १२ जानेवारी १९७६

प्रिय विजू,

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दाम टाकलं नाही, नाहीतर तू न फोडताच चुलीत घातलं असतंस. मी मीना. शाळेच्या खो-खो टीममधली, आणि तुझा गुडघा जिच्यामुळं गेला ती. माढ्याला तुझ्या घरी पत्ता विचारायची हिंमत नव्हती. आपल्या शाळेच्या वसतिगृहातल्या मथुराबाई मंडईत भेटल्या, त्यांनी दिला. लग्न होऊन दुधनीला गेलीस, मुलगा आहे, एवढं त्यांच्याकडून कळलं.

मी तीन वर्षांपासून इथल्या मेडिकल कॉलेजात आहे. डॉक्टर नाही गं, अटेंडंट. शिकणाऱ्या पोरांसाठी माणसांची हाडं असतात, ती धुवायची, वाळवायची, त्यांच्यावर शाईनं नंबर टाकायचे. तोंड वाकडं करू नकोस, हाडं काही बोलत नाहीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आई मात्र अजून मला दारातच हातपाय धुवायला लावते.

आता कामाचं. आमच्या डॉक्टर मॅडम सध्या मांडीची हाडं मोजतायत. हे हाड गुडघ्यापाशी येतं तिथं त्याला दोन गोल उंचवटे असतात आणि त्यांच्यामध्ये एक खाच असते. गुडघा धरून ठेवणारे दोन चिवट पट्टे एकमेकांना ओलांडून त्या खाचेतून जातात. मॅडम त्यांना लिगामेंट म्हणतात. मी हाड धरते, त्या मोजतात, मी वहीत लिहिते. एकशे चाळीस हाडं झाली. विजू, प्रत्येकाची खाच निराळी! एकात माझा अंगठा आरामात जातो, दुसऱ्यात करंगळी अडते. मॅडम म्हणतात, खाच अरुंद असली तर पाय रोवून अंग वळवताना पुढचा पट्टा हाडाच्या कडेवर घासतो आणि एखाद्या वेळी तुटतो. कुणी ढकलायची गरज नाही. बाहेरच्या काही डॉक्टरांनी असं लिहिलंय म्हणे, पण पक्कं अजून कुणालाच माहीत नाही.

हे ऐकलं आणि माझ्या हातातलं हाड टेबलावर आपटलं.

अडुसष्टचा डिसेंबर, बार्शीचं मैदान, फायनल. मी पाठलागावर, तू पाटीत बसलेली. मी तुझ्या पाठीवर खो दिला. जोरात दिला, माझा हात तसाच आहे, काय करू. तू कोसळलीस ते उठलीच नाहीस. सर धावत आले तेव्हा तू म्हणालीस, मीनानं ढकललं. मी नाही म्हटलं नाही, कारण मला तरी कुठं माहीत होतं? आजही नाही. खो होता की धक्का, हा हात माझा असून मला सांगता येत नाही.

परवा आमच्या वस्तीजवळच्या मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाई घरी आल्या होत्या. मुलींची टीम काढायची आहे, तू शिकव म्हणाल्या. दुसऱ्यांदा आल्या. मी आईच्या दम्याचं निमित्त सांगितलं. खरं कारण हे की एका पोरीला मी अधू केलंय, तर दुसऱ्यांच्या पोरींना कुठल्या तोंडानं हात लावू?

म्हणून मागणं. एकदा सोलापूरला ये. मॅडम तुझ्या गुडघ्याचा एक्स-रे काढून खाच मोजतील, मी बोलले आहे. अरुंद निघाली तर मी सुटले. नाही निघाली तर तेही कळू दे. सात वर्षं झाली, विजू. मला एकदा कळू दे.

तुझी (म्हणू का?)
मीना


दुधनी,
ता. २ फेब्रुवारी १९७६

प्रिय मीना,

म्हणायचं की. तुझी नाही तर कुणाची?

पत्र तीन वेळा वाचलं. पाकीट पाठवलंस ते फार बरं केलंस. इथं कार्ड आलं तर पोस्टमन आधी वाचतो, मग आमच्या दुकानातले दिवाणजी, मग मी. आमच्या ह्यांचं, सिद्धारामांचं, धान्याचं अडत दुकान आहे. माणूस शांत आहे. घरात सगळं कानडी. सासूबाईंना मराठी येत नव्हतं, मला कानडी येत नव्हतं. पाच वर्षांत मी शिकले, त्या नाही शिकल्या. मुलगा तीन वर्षांचा आहे, तो दोघींनाही फसवतो.

गुडघ्याचं म्हणशील तर सपाट जागी कुणाला कळणारही नाही. पायऱ्या उतरताना मात्र मधूनच निसटतो, दाराची बिजागरी खिळखिळी व्हावी तसा. पाण्याची घागर मी घेत नाही. मुलाला कडेवर घेऊन जिना उतरत नाही. सवय झाली आता.

मीना, ते जुनं सोडून दे. मी तुझ्यावर रागावलेली नाही, कधीच नव्हते. तू त्या पोरींना शिकव. तुझ्यासारखी पळणारी आपल्या शाळेत दुसरी नव्हती. एक्स-रेचं मात्र अवघड आहे. मोठ्यांना विचारावं लागेल. आणि सध्या चांगुणाचं चाललंय. माझी धाकटी बहीण, तुला आठवत असेल, दोन वेण्यांची, मॅच बघायला यायची. तिला अक्कलकोटकडचं चांगलं स्थळ आलं आहे. अशा वेळी मोठीच्या हाडात काही खोट आहे असं कुणाच्या कानावर गेलं तर काय होतं, तुला सांगायला नको.

एक विचारते. ही खाच बहिणीबहिणीत सारखी असते का?

तुझी,
विजू


सोलापूर,
ता. २० फेब्रुवारी १९७६

प्रिय विजू,

मोठ्यांना विचारावं लागेल म्हणे! पंचांशी भांडून दोन मिनिटं खेळ थांबवणारी तू. दुधनीच्या पाण्यात काय मिसळतात गं?

तुझा प्रश्न मॅडमना विचारला, नाव न सांगता. त्या म्हणाल्या, नाक-डोळे घराण्यात येतात तशी हाडाची ठेवणही येत असणार, पण खात्रीनं सांगायला बहिणींच्या जोड्या मोजाव्या लागतील आणि ते कुणी केलेलं त्यांच्या पाहण्यात नाही. मग म्हणाल्या, खाच अरुंद असली म्हणजे पाय मोडणारच असं नाही, उगाच कुणाला घाबरवू नकोस. तेव्हा चांगुणाच्या बाबतीत जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

आता माझं ऐक. तू रागावली नाहीस हे वाचून मी रडले, खोटं कशाला सांगू. पण विजू, राग नाही म्हणजे मी केलं नाही असं होत नाही. तू मला माफ केलंस, एवढंच होतं. माफी नको आहे मला. झालं काय ते हवं आहे.

चांगुणाचं जमत आलंय ना? मग लग्नाचा बस्ता बांधायला सोलापूरलाच येणार तुम्ही, माढ्याला का साड्या मिळणारेत? बायका एकदा दुकानात पांढऱ्या गादीवर बसल्या की चार तास उठत नाहीत. त्यातला अर्धा तास मला दे. रिक्षा मी आणते. मोठ्या बाईंनी मला मे महिन्यापर्यंत मुदत दिली आहे, उन्हाळी सराव तेव्हा सुरू करायचा आहे. त्याच्या आत मला होय की नाही सांगायचंय.

मीना


दुधनी,
ता. १३ मार्च १९७६

प्रिय मीना,

घाईत लिहिते. बुधवारी, २४ तारखेला, आम्ही बस्त्याला येतोय. आई, काकू, चांगुणा आणि मी. सुपारी फुटायच्या आधीच बस्ता कशाला म्हणून आई कुरकुरत होती, पण उन्हं वाढायच्या आत उरकू म्हणाले आप्पा. नवी पेठेतल्या दुकानात असू. दुपारी एकच्या सुमारास दाराशी ये, आत येऊ नकोस. दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून मी उठेन.

वाईट वाटून घेऊ नकोस. आई तुला ओळखेल.

विजू


सोलापूर,
ता. २२ एप्रिल १९७६

प्रिय विजू,

उशीर झाला. मोजमाप त्याच दिवशी झालं होतं. पत्र लिहायला मला चार आठवडे लागले.

त्या दिवशी तू रिक्षात माझा हात घट्ट धरून बसली होतीस. मला वाटलं, घाबरलीस. मॅडमनी तुला टेबलावर झोपवून गुडघा वाकवला, पायाची नळी धरून पुढं ओढली आणि माझ्याकडं बघितलं. ती चक्क बोटभर पुढं आली. पुढचा पट्टा उरलेलाच नाही, म्हणाल्या. एक्स-रेत तो पट्टा दिसत नसतो, फक्त हाड दिसतं. म्हणून गुडघा वाकवून, खाच दिसेल असा फोटो काढला. मॅडमनी त्यावरून मापं उतरवून घेतली; एक्स-रेची ती मोठी काच तू घाईत घेऊन गेलीस, आकडे माझ्याकडं राहिले.

तुझी खाच एकवीस मिलिमीटर आहे. ऐसपैस. आमच्या वहीतल्या बायकांच्या हाडांत अशी रुंद थोडीच आहेत. चांगुणाबद्दल निश्चिंत हो, निदान तुझ्या हाडात तरी घराण्याची काही खोट दिसत नाही.

आता गंमत ऐक. ताडून बघायला दुसऱ्या कुणाचा तरी गुडघा हवा होता, म्हणून तू गेल्यावर मीच टेबलावर चढले. माझी खाच साडेचौदा. दोन्ही पायांत. मॅडमनी दोनदा मोजली. अगं, ज्या पोरीचा पट्टा तुटायला हवा होता ती मी! शाळेत पाच वर्षं खांबाला गिरक्या मारल्या, उन्हातान्हात पळले, खड्ड्यात पडले, आणि माझ्या गुडघ्याला कधी साधी सूज आली नाही. मी मॅडमना म्हटलं, मग तुमच्या मोजण्याला अर्थ काय? त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, अरुंद खाचेच्या शंभर मुली आणि रुंद खाचेच्या शंभर मुली मैदानात सोडल्या तर अरुंदवाल्यांतल्या जास्त जणी लंगडत येतील असं मला वाटतं. पण त्यातली नेमकी कोण, हे हाड सांगत नाही. ते मैदानावर त्या घटकेला काय झालं त्यावर आहे.

त्या घटकेला काय झालं? माझा हात झाला.

तुझं हाड धडधाकट होतं, विजू. म्हणजे मी सुटले नाही. उलट आता पुरावाच आला, आणि मीच तो माझ्या हातानं काढून आणला. सात वर्षं मनाच्या एका कोपऱ्यात वाटायचं, कदाचित नसेल. आता ते वाटणंही संपलं. मी तुझा पाय मोडला. तुला घागर उचलता येत नाही, लेकराला कडेवर घेऊन जिना उतरता येत नाही, ते माझ्यामुळं. चूक झाली गं. याहून मोठा शब्द मला येत नाही.

सोमवारी, तीन मेला, शाळेत जाऊन मोठ्या बाईंना नाही म्हणून सांगणार आहे. निमित्त नाही सांगणार, खरंच सांगणार. तुला काही उत्तर द्यायची गरज नाही.

मीना


तार
दुधनी, २९ एप्रिल १९७६

बाईंना नाही सांगू नकोस. तू पाडलं नाहीस. पत्र मागून येत आहे. विजयमाला.


दुधनी,
ता. २९ एप्रिल १९७६

प्रिय मीना,

तार करायला मी स्वतः पोस्टात गेले. मास्तरांनी मजकूर वाचला आणि माझ्याकडं बघत राहिले. बघू देत. आजपासून कुणी काय वाचतंय याची मला पर्वा नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी माढ्याला निघाले होते. मंगळवारी चांगुणाची सुपारी फुटायची होती. आप्पांना बरं वाटावं म्हणून मी ती एक्स-रेची काच त्यांच्या हातात दिली आणि एवढंच सांगितलं, की माझं हाड निर्दोष निघालं. एक्स-रे कुणी काढला, कशासाठी, काही सांगितलं नाही. मला वाटलं विषय मिटला.

मंगळवारी पाहुणे बसले. नवऱ्या मुलाचे मामा, हरिबा म्हणून आहेत, सगळं निरखून बघणारे. मी चहा घेऊन माजघराची पायरी उतरले तर त्यांनी माझी चाल बघितली. म्हणाले, मोठीच्या पायाला काय झालं? जन्माचं हाय का? आणि आप्पा उठले, फळीवरनं ती काच काढली आणि उजेडात धरली. म्हणाले, बघा, हाड कसं नितळ हाय. आमच्या रक्तात खोट न्हाय. शाळंत एका पोरीनं ढकललं. पुढं तुझ्या वस्तीचं नाव घेतलं, आणि सगळ्यांनी मान हलवली. कुणी काही विचारलं नाही. मामासुद्धा.

तू माझ्यासाठी काढलेला फोटो, मीना. तुझ्याच विरुद्ध.

तेव्हा मी ट्रे खाली ठेवला आणि सांगितलं. तेच आता तुला सांगते.

तू ढकललं नाहीस. तुझा खो मला मिळालाच नव्हता. त्यांची शेवटची गडी माझ्या अंगावरून गेली, हाताच्या अंतरावर, आणि मला राहवलं नाही. मी खो मिळायच्या आधीच उठले. उजवा पाय रोवला आणि तेवढ्यात आठवलं, अगं, हा फाउल! परत खाली बसायला म्हणून अंग उलटं वळवलं. पाय तिथंच, मी भलतीकडं. गुडघ्यात कट्ट असा आवाज झाला, तो अजून माझ्या कानात आहे. मग तुझा हात लागला. मी तेव्हा पडतच होते. तुझ्या तोंडून खो पूर्ण निघालासुद्धा नव्हता.

सर आले, काय झालं विचारलं. माझ्या फाउलनं कप जाणार हे मला कळत होतं. तोंडातून निघालं, मीनानं ढकललं. ठरवून नाही बोलले, पण मागेही घेतलं नाही. दोन दिवसांनी सांगू म्हटलं. मग आप्पा म्हणाले, हेच बरं आहे. धक्का लागला म्हटलं की तो अपघात झाला. नुसतं वळताना पाय गेला म्हटलं की पोरीच्या अंगातच काहीतरी कमी आहे, दोघींची लग्नं अडतील. मी गप्प बसले.

एवढंच असतं तर मी सगळं आप्पांवर घातलं असतं. पण अजून एक आहे आणि ते माझं मलाच सांगावं लागेल. टीममध्ये नऊ जणी होत्या. तुझं नाव घेतलं की कुणी दुसरा प्रश्न विचारणार नाही, हे मला सोळाव्या वर्षी ठाऊक होतं. ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

पहिल्या पत्राला मी हे लिहायला हवं होतं. म्हटलं, खाच अरुंद निघेल, मीना सुटेल आणि मला काही सांगावं लागणार नाही. रिक्षात तुझा हात धरला होता तो त्यासाठी.

पाहुणे जेवून गेले. कळवतो म्हणाले. सुपारी तशीच ताटात राहिली. आप्पा माझ्याशी बोलत नाहीत. चांगुणा एसटीपर्यंत सोडायला आली, ती म्हणाली, ताई, त्यांना खोटं सांगून मला तिकडं पाठवू नका. आमचे हे रात्री एवढंच म्हणाले, आधी सांगायचं होतंस.

मी माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

विजू


सोलापूर,
ता. १० मे १९७६

विजू,

तार मिळाली त्या दिवशी मी नाचले. पत्र मिळालं त्या दिवशी तुला शिव्या दिल्या, मोठ्यानं, मॅडमच्या खोलीत. त्यांनी दार लावून घेतलं आणि मला पाणी दिलं.

सात वर्षं गं! तू दुधनीला बसून सुखानं कानडी शिकत होतीस आणि मी इथं स्वतःच्या हाताकडं बघत होते. पुढच्या वर्षी मला टीममध्ये घेतलं नाही, मी म्हटलं बरोबरच आहे. जिल्ह्याच्या निवडीला बोलावणं आलं, मी गेले नाही. ही वर्षं आता कोण देणार? तू खरं बोललीस, पाहुण्यांसमोर बोललीस, चांगुणाचं स्थळ पणाला लावून बोललीस, ते मला कळतं. त्याची किंमत मला कळते. पण माझा राग गेलेला नाही आणि जाईपर्यंत मी तो लपवणार नाही.

एक गोष्ट तुला कधी लिहिली नाही. तू प्लास्टरात होतीस तेव्हा माझा बाप, आमचे दादा, माढ्याला तुमच्या दारी आले होते. मिलमधली पाळी बुडवून, धुतलेला सदरा घालून. तुझ्या आप्पांनी त्यांना अंगणातच उभं केलं. संध्याकाळी परत आले तेव्हा मी दारात बसले होते. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, माफी मागून आलोय तुझ्या वतीनं, आता इसर. त्यानंतर पाच वर्षांनी गेले. माझ्या बापाला माझ्यासाठी मान खाली घालावी लागली, ती मी न केलेल्या गोष्टीसाठी. माझं सोड, मी आहे अजून. आज ना उद्या तुझ्याशी गोड बोलेन. दादांना कोण सांगणार?

तीन तारखेला शाळेत गेले आणि होय म्हणून आले. सकाळी सहाला सराव असतो, उन्हं चढायच्या आत. चौदा पोरी आहेत. आठवडाभर मी त्यांना पळूच दिलेलं नाही, नुसतं वळायला शिकवतेय. गुडघा वाकवून वळायचं, पाय आधी सुटू द्यायचा, मग अंग. कुणाची खाच किती हे मला बाहेरून दिसत नाही, तेव्हा सगळ्यांनाच शिकवते. पोरी कंटाळल्यात. एक म्हणाली, बाई, आपण खो-खो कधी खेळायचं?

मीना


दुधनी,
ता. १८ जून १९७६

प्रिय मीना,

सोमवारी पहाटेच्या पॅसेंजरनं मी सोलापूरला येऊन गेले. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू ये म्हणाली असतीस किंवा येऊ नको म्हणाली असतीस, आणि मला दोन्ही नको होतं.

आधी शाळेच्या मैदानाजवळ गेले. भिंतीशी उभी राहून बघितलं. तू एका हडकुळ्या पोरीला पाटीत बसवून तिच्या मागे पुन्हा पुन्हा येत होतीस आणि पाठीला नुसता हात टेकवत होतीस. ती पोरगी वळून म्हणाली, बाई, खो द्या की, हे काय गोंजारताय? सगळ्या हसल्या. तू पदर खोचलास. मग चार पावलं मागं गेलीस, पळत आलीस आणि असा खो दिलास की माझ्यापर्यंत आवाज आला. ती पोरगी सुटली ती थेट खांबापर्यंत. मी हाक मारणार होते, पण नाही मारली.

तिथून तुझ्या घरी गेले. तुझ्या आईनं ओळखलं नाही. मी विजयमाला, माढ्याची, म्हटल्यावर त्या निवडत होत्या ते सूप बाजूला ठेवून बसल्या. मी सगळं सांगितलं, पाटीतून उठल्यापासून पडेपर्यंत. त्यांनी हात पुसले. मग म्हणाल्या, "लई उशीर केलास, बाई." आणि चहा टाकायला उठल्या. त्यांच्या हातचा चहा मी तिथंच चुलीजवळ बसून प्यायले.

मीना, दादांचं तुला जे माहीत आहे ते तसं नाही. तुझी आई म्हणाली, "त्यो माफी मागाय गेलाच नव्हता. त्यो म्हनायचा, माझी पोरगी हात जोरात लावंल, ढकलायची न्हाय. पर पोरगीच व्हय मीच पाडलं म्हनत बसली, तवा बापानं कुनाशी भांडायचं? म्हनून तुलाच इचाराय गेल्ता. तुज्या बापानं भेटू दिलं न्हाय. घरी येऊन पोरीला बोलला, माफी मागून आलो. तिला झोप लागावी म्हनून." त्यांनी हे तुला आजवर सांगितलं नाही, कारण मग तू म्हणाली असतीस की बापाला हात हलवत परत यावं लागलं, तेही माझ्यामुळं. आता तूच सांग, म्हणाल्या, मला जमायचं नाही.

म्हणून सांगते. तुझे दादा तू पाडलंस असं मानून गेले नाहीत. एक दिवसही त्यांनी तसं मानलं नाही.

चांगुणाच्या पाहुण्यांचा अजून निरोप नाही. आप्पांचं काल मला कार्ड आलं, त्यात फक्त पावसाचं लिहिलं आहे. तेवढं तरी लिहिलं.

आणि एक राहिलं. तुझ्या आईला ते त्याच दिवशी सांगितलं, तुला समोर सांगायचं धाडस झालं नाही. दादा आमच्या अंगणात आले तेव्हा मी आतल्या खोलीत खाटेवर होते, खिडकीला लागून. ते आप्पांना म्हणत होते, "मला पोरीला एकदाच इचारू द्या, ती जे म्हनंल ते मान्य." दोनदा म्हणाले. मला सगळं ऐकू येत होतं. एक हाक मारायची होती. मी पांघरूण डोक्यावर ओढलं आणि ते फाटकाबाहेर जाईपर्यंत तशीच पडून राहिले.

विजू